उपग्रहाच्या फोटोतला लाल डाग आणि आपल्या कोकणातला पाऊस

कातळकाठ (रत्नागिरी)

मे महिन्याच्या शेवटी अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय अशी बातमी आली आणि आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तासांत एकच फोटो अकरा वेळा आला. इन्सॅट ह्या आपल्या हवामान उपग्रहाचा फोटो, भलामोठा लाल-जांभळा डाग, बरोब्बर रत्नागिरीसमोर, आणि खाली ‘प्रचंड पाऊस येतोय, पुढे पाठवा’. शेजारच्या काकूंनी वाळत घातलेली आमसुलं आणि फणसाची साठं पळत पळत आत नेली, मामांनी उरलेला आंबा घाईने उतरवून घेतला आणि अर्धा कच्चाच निघाला. रात्री काय झालं तर वर नुसतं पांढुरकं मळभ, चंद्राला मोठं खळं, आणि थेंब नाही.

ह्याच्या अगदी उलट गेल्या जुलैतली एक रात्र. फोटोत आमच्यावर नुसता करडा रंग, लाल तर सोडाच पिवळंही कुठे नव्हतं, आणि पहाटेपर्यंत पऱ्ह्या रस्त्यावरून वाहत होता. दोन्ही वेळा फोटो खरा होता. आपण तो चुकीचा वाचला.

मी शिकून झालेला हवामानवाला नाही, फयान वादळ आलं तेव्हापासून म्हणजे २००९ पासून हे फोटो रोज बघतो. तेव्हा कल्पना-१ उपग्रहाचे फोटो यायचे, त्यात उष्णतेच्या फोटोतला एक ठिपका आठ किलोमीटरचा. आता इन्सॅट-३डीआर आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सोडलेला इन्सॅट-३डीएस आहेत, त्यांचा ठिपका चार किलोमीटरचा. म्हणजे माझं अख्खं गाव एका ठिपक्यात मावतं, हे आधी लक्षात घ्या.

तर मुद्दा असा की त्या फोटोतला रंग पावसाचा नसतो, तो ढगाच्या माथ्याच्या तापमानाचा असतो. उपग्रह विषुववृत्ताच्या वर जवळपास ३६ हजार किलोमीटरवर असतो आणि तिथून त्याचा इन्फ्रारेड कॅमेरा ढगाच्या अगदी वरच्या थरातून निघणारी उष्णता मोजतो. वर जाल तशी हवा दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणून माथा जितका गार तितका ढग उंच. समुद्रावर २८ अंश आहे आणि माथा उणे ७० दाखवतोय, म्हणजे मधला फरक ९८ अंश, भागिले साडेसहा, आला १५ किलोमीटर उंच ढग. लाल-जांभळं हे कॉम्प्युटरने भरलेलं असतं.

इतका उंच ढग आपोआप होत नाही, खालची दमट गरम हवा जोरात वर चढली तरच होतो, त्यालाच संवहन म्हणतात, हवामानवाले कन्व्हेक्शन म्हणतात. वादळाचं इंजिन तेच. वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते, एका किलोमागे जवळजवळ २५ लाख ज्यूल, त्यावर वादळ चालतं. आपण वरून बघून खालचं संवहन किती आहे ते ओळखायला बघतो, म्हणजे टोपातून येणारी वाफ बघून चुलीत जाळ किती आहे ते सांगण्यासारखं. बऱ्याचदा जमतं, पण जाळ विझला तरी वाफ थोडा वेळ राहतेच ना.

त्या रात्री तेच झालं होतं. उंच ढगाचा माथा वातावरणाच्या छताला, आपल्या भागात साधारण १६-१७ किलोमीटरवर, टेकला की त्याला अजून वर जाता येत नाही मग तो आडवा पसरतो, लोहाराच्या ऐरणीसारखा. खालचा ढग तास-दीड तासात पडून मोकळा होतो, पण हे बर्फकणांचं पसरलेलं छत वरच्या वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर वाहत जातं आणि तेही तितकंच गार असतं, म्हणून फोटोत तितकंच लाल. आमच्यावर ते छत आलं होतं. पाऊस समुद्रात कधीच पडून गेला होता. चंद्राला खळं पडलं तेही त्या बर्फामुळेच, तेवढी खूण आम्ही वाचली असती तर मामांचा आंबा वाचला असता.

जुलैच्या रात्रीचं उलट होतं, त्याबद्दल घाटाकडच्या कोणी लिहिलं तर बरं, त्यांना जास्त अनुभव आहे. बाकीच्यांनीही आपापल्या गावात फोटो काय दाखवत होता आणि खरं काय झालं हे लिहा. मला ते जमवायचंय.

हर्णैची लेक

धागा फार गरजेचा आहे दादा. माझे दोन्ही भाऊ बोटीवर, एक तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. पावसाळी मासेमारी बंदीच्या आधीचे शेवटचे पंधरा दिवस आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबर हे आमच्या घरात सगळ्यात काळजीचे असतात, फयान नोव्हेंबरातच आलं होतं, ११ तारखेला, रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या किती घरांतली माणसं समुद्रात होती हे तुम्हाला सांगायला नको. आई रात्रभर मोबाइलवर ते लाल डाग बघत बसते आणि प्रत्येक डागाबरोबर तिचा जीव वरखाली होतो. मला तिला समजावून सांगता येईल असं सांगा, कुठला डाग घाबरायचा आणि कुठला नाही?

कातळकाठ

ताई, आधी हे सांगतो की बोट आत आणायची की नाही हे फोटोवरून ठरवू नका, ते हवामान खात्याच्या आणि इन्कॉइसच्या, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, इशाऱ्यावरून. त्यांच्याकडे फोटोशिवाय बऱ्याच गोष्टी असतात. पण आईला सांगायला एक सोपी गोष्ट आहे, एकच फोटो कधी बघायचा नाही. दोन उपग्रह आळीपाळीने अर्ध्या अर्ध्या तासाने फोटो काढतात, म्हणून मिळून दर पंधरा मिनिटांनी एक मिळतो. तीन-चार लागोपाठचे लावून बघा. डाग लहान, गोल, कडा धारदार, आणि दर फोटोत अजून गार होतोय, तर तिथे खालून हवा चढतेय, तो जिवंत ढग. पंधरा मिनिटांत माथा आठ अंशांनी गार झाला तर ती जोरदार वाढ समजतात. आणि डाग मोठा होतोय पण गार होत नाही, उलट कडा विस्कटल्यासारख्या पिंजलेल्या कापसागत दिसतायत, तर तो म्हातारा ढग, नुसतं छत पसरतंय.

अजून एक, फोटोवरची वेळ बघायला तिला शिकवा. ती बहुतेक यूटीसी, म्हणजे जगभर धरतात ती ग्रीनिचची वेळ असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. ०६०० लिहिलंय म्हणजे आपले सकाळचे साडेअकरा. आमच्या ग्रुपवर कालचे फोटो आजचे म्हणून फिरतात त्याचं अर्धं कारण हेच.

आणि पहाटेचा फोटो नेहमीच जास्त भयंकर दिसतो. खुल्या समुद्रावर उंच ढगांचा जोर रात्री उशिरा ते पहाटे सगळ्यात जास्त असतो, दुपारी तोच डाग आक्रसलेला दिसतो. आई रात्री जागून बघते म्हणजे ती नेमका सगळ्यात वाईट फोटो बघते.

हर्णैची लेक

हे पहाटेचं कोणीच कधी सांगितलं नव्हतं. आज रात्री तिच्याजवळ बसून चार फोटो लावून बघते.

मेघदर्शी

मी पुण्यात ह्याच विषयावर काम करतो म्हणून थोडी भर घालतो. कातळकाठ ह्यांनी बरोबर लिहिलंय, इन्फ्रारेडला ढगाचं फक्त टोक दिसतं, टोपी दिसते पण डोकं दिसत नाही म्हणा. पातळ छत ओळखायची एक युक्ती इन्सॅटमध्येच आहे. त्यात उष्णतेच्या दोन खिडक्या आहेत, म्हणजे दोन वेगळ्या तरंगलांबी, एक ११ मायक्रॉनच्या आसपास, दुसरी १२ च्या. जाड ढगावर दोन्हीत जवळपास सारखंच तापमान येतं, पातळ बर्फाच्या छतावर फरक पडतो. तसंच बाष्पाचा चॅनल, साधारण ६.८ मायक्रॉनचा. एरवी त्यात उष्णतेच्या चॅनलपेक्षा कायम गार दिसतं कारण वरच्या थरातली वाफ आड येते, पण खूप उंच ढग असेल तर वर वाफच उरत नाही आणि दोन्ही सारखे होतात. ज्या ढगाचा शेंडा वातावरणाचं छत फोडून वर घुसतो तिथे तर फरक उलटा होतो, बाष्पाचा चॅनलच गरम दिसतो. असा ठिपका दिसला की तिथे त्या क्षणी खरंच जोरदार संवहन चालू आहे असं समजायला हरकत नाही.

पण खरं पोटातलं बघायचं तर मायक्रोवेव्ह लागतात. ८५ ते ९१ गिगाहर्ट्झच्या लहरी वरच्या पातळ छतातून आरपार येतात पण ढगाच्या पोटातल्या जाड बर्फावर, गारांवर विखुरतात, त्यामुळे जिथे खरा उंच भरलेला ढग आहे तिथेच त्या फोटोत गार दिसतं. इन्फ्रारेडमध्ये एक मोठा लाल गोल दिसतो आणि त्याच वेळचा मायक्रोवेव्ह फोटो लावला की त्यात फक्त दोन-तीन वाकडे पट्टे उरतात. पाऊस त्या पट्ट्यांत असतो.

आपण ह्यात मागे नव्हतो. इस्रो आणि फ्रान्सची अवकाश संस्था सीएनईएस ह्यांनी मिळून मेघा-ट्रॉपिक्स उपग्रह १२ ऑक्टोबर २०११ ला सोडला, खास उष्ण कटिबंधातल्या ढगांसाठी. त्याची कक्षा विषुववृत्ताला फक्त २० अंश कललेली, त्यामुळे तो आपल्याच पट्ट्यात घिरट्या घालायचा आणि दिवसात अनेकदा दिसायचा, ध्रुवांवरून जाणाऱ्या उपग्रहांना ते जमत नाही. त्यावरचं मद्रास नावाचं उपकरण, जे नेमकं ढगातला बर्फ आणि पाऊस बघायला होतं, २०१३ च्या सुरुवातीलाच बंद पडलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं. बाष्प मोजणारं सफायर मात्र पुढे कितीतरी वर्षं चाललं. ७ मार्च २०२३ ला उपग्रह पॅसिफिकवर नीट खाली आणला.

आता आधार जीपीएम ह्या पाऊस मोजणाऱ्या उपग्रहाचा, नासा आणि जपानचा, २०१४ पासून. त्यात मायक्रोवेव्हबरोबर दोन लहरींचं रडार आहे, ते ढगाचा वरपासून खालपर्यंत छेद देतं, चिरलेल्या फणसासारखं आतलं सगळं दिसतं. पण तो साधारण ४३५ किलोमीटरवरून जातो आणि वादळ नेमकं त्याच्या पट्ट्यात सापडेलच असं नाही. एकीकडे इन्सॅट आहे, सतत बघतो पण वरवरचं, आणि दुसरीकडे हे, खोलवर बघतात पण अधूनमधून. सगळा खटाटोप ह्या दोघांची सांगड घालायचा आहे. जीपीएमचं आयमर्ग म्हणून दर अर्ध्या तासाचं पावसाचं चित्र मिळतं ना, ते असंच जोडून केलेलं असतं.

वेंगुर्लेकर

लय बरा लिवलास रे बाबा. आमचो आजो ढगाक बघून सांगायचो, काळो ढग खालसून इलो तर पाणी, वरसून पांढरो पसारलो तर नुसतो वारो. आता समाजला तो कित्याक असा म्हणायचो ता.

सुपारीबाग

मी श्रीवर्धन-दिवेआगरच्या मधला. ३ जून २०२० दुपारी निसर्ग वादळ आमच्यावरूनच गेलं, हवामान खात्याने ताशी ११० ते १२० किलोमीटर वारा सांगितला होता. आमची सुपारी, रोठा जात, आजोबांनी लावलेली, वाऱ्याने मधूनच मोडली, उपटलीसुद्धा नाही, काड्यापेटीतल्या काड्यांसारखी मोडली. नारळ थोडे वाचले. परत लावलेली झाडं आत्ता कुठे धरायला लागलीयत. विचारायचं होतं की इतका वारा आहे हे समुद्रात असतानाच कळतं ते कसं? समुद्रात कोणी वारा मोजत बसलेलं नसतं. फोटोत तर फक्त ढग असतो, वारा दिसत नाही.

मेघदर्शी

दादा, तुमच्या बागेचं वाचून वाईट वाटलं. तुमचा प्रश्न हाच ह्या विषयातला सगळ्यात जुना प्रश्न आहे. १९७० च्या दशकात व्हर्नन ड्वोरॅक नावाच्या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने ह्याचं उत्तर काढलं, ढगांच्या आकारावरून वादळाचा जोर सांगायची पद्धत, आणि अजूनही जगभर, आपल्या खात्यातही तीच वापरतात. वादळाला टी नंबर देतात, १ ते ८, अर्ध्या अर्ध्याच्या पायरीने. आपल्याकडे टी २.५ ला चक्रीवादळ म्हणायला लागतात, ३.५ ला तीव्र चक्रीवादळ. टी ४ म्हणजे ६५ नॉट, ताशी साधारण १२० किलोमीटर.

ते कसं ठरवतात तर वादळ लहान असताना ढगाचा वाकडा पट्टा केंद्राभोवती किती वळसा घालतो ते मोजतात. अर्धा वळसा असेल तर साधारण २.५, पूर्ण झाला की ३.५ च्या पुढे. डोळा उघडला की मग डोळ्याचं तापमान आणि त्याभोवतीच्या ढगांच्या कड्याचं तापमान बघतात. कडं जितकं गार म्हणजे तिथलं संवहन उंच, आणि डोळा जितका गरम म्हणजे तिथली हवा खाली उतरून तापलीय, दोघांतला फरक जितका जास्त तितका नंबर वर. म्हणजे वारा न मोजता त्याच्या इंजिनाकडे बघून वारा सांगायचा. आधीच्या दिवसाचा नंबरही धरतात, वादळ एका दिवसात वाटेल तेवढं उडी मारत नाही म्हणून.

शिवाय स्कॅटरोमीटर आहेत, आपल्या ओशनसॅट-३ वर आहे, २०२२ च्या नोव्हेंबरात गेला तो. समुद्रावर वाऱ्याने ज्या बारीक लाटा उठतात त्यांवरून रडारची लहर कशी परतते त्यातून वारा काढतात. फार जोराच्या पावसात ते गडबडतं, म्हणून ड्वोरॅकचं महत्त्व कमी झालेलं नाही.

कातळकाठ

इथे एक गोष्ट जोडतो, लोक हमखास चुकतात ती. सगळ्यात लाल डाग म्हणजे वादळाचं केंद्र असं नसतं. वरचा आणि खालचा वारा वेगवेगळ्या दिशेने वाहत असेल, ज्याला शिअर म्हणतात, तर वरचा ढग एका बाजूला वाहून जातो आणि केंद्र उघडं पडतं, कधी शंभर किलोमीटर लांब. दिवसा साध्या फोटोत ते खालच्या छोट्या ढगांच्या भोवऱ्यावरून कळतं. रात्री नुसतं इन्फ्रारेड बघून आपण चुकीच्या जागेवर बोट ठेवतो. आणि ते केंद्र किनाऱ्यापासून लांब असलं तरी आपण सुटलो असं नाही, तौक्ते वादळ आठवा, मे २०२१, आमच्या समोरून समुद्रातूनच वर गेलं, १७ च्या रात्री गुजरातला लागलं, तरी रत्नागिरी-सिंधुदुर्गात कलमं आडवी झाली, कौलं उडाली, दिवसेंदिवस लाइट नव्हती.

खाडीपलीकडे

एवढं सगळं उपग्रहाचं करण्यापेक्षा रडार बघा की सरळ. रडारला पाऊसच दिसतो, माथ्याची भानगड नाही. मी मुंबईत असताना तेच बघायचो, दहा मिनिटं आधी छत्री घ्यायची की नाही कळायचं.

कातळकाठ

मुंबईत बरोबर आहे. पण आपल्या मधल्या कोकणात अडचण अशी की कुलाब्याचं रडार रत्नागिरीपासून हवेतून दोनशे किलोमीटरच्या वर, आणि पणजीचं दीडशेच्या बरंच वर. पृथ्वी गोल, रडारची लहर सरळ जाते, म्हणून लांब गेल्यावर ती जमिनीपासून उंच होत जाते. अर्ध्या अंशाने सोडलेली लहर दोनशे किलोमीटरवर जवळपास चार किलोमीटर उंचीवरून जाते. त्याच्या खाली पडणारा पाऊस तिला दिसतच नाही. उंच वादळी ढग दिसतील, पण जुलैतला बुटका ढग डोक्यावर रिकामा होत असला तरी तिथून फारसं काही दिसत नाही. म्हणून आपल्याला दोन्ही लागतं, आणि तरीही मधे एक फट उरतेच. आणि खुल्या समुद्रात दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या पुढे रडार नाहीच, वादळ जिथे जन्मतं तिथे फक्त उपग्रह.

खाडीपलीकडे

हे माहीत नव्हतं, रडार सगळीकडे सारखंच बघतं असं धरून चाललो होतो. चार किलोमीटर म्हणजे सह्याद्रीच्या तिप्पट झालं की.

घाटमाथा (आंबोली)

कातळकाठांनी हाक मारली म्हणून लिहितोय. तुमच्या जुलैच्या रात्रीचं कोडं आमच्याकडे रोजचं आहे. आमच्याकडे पावसाळ्यात ढग घरात येतो, शब्दशः, खिडकी उघडी राहिली तर अंथरूण दमट. समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला धडकतो, त्याला वर चढण्याशिवाय वाट नाही, आणि तो इतका भरलेला असतो की चार-पाच किलोमीटरच्या आतच रिता व्हायला लागतो. गोठणबिंदू आपल्याकडे पावसाळ्यात पाच किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ह्या ढगाचा माथा कितीदा बर्फापर्यंत पोचतच नाही. थेंबावर थेंब आपटून मोठा होतो आणि पडतो, ह्याला गरम पाऊस म्हणतात. इन्फ्रारेडमध्ये तो ढग दिसतो पाच-दहा अंशांचा, कधी उणे पाच-दहाचा, त्यामुळे करडा. मायक्रोवेव्हच्या बर्फ शोधणाऱ्या लहरींनाही तिथे बर्फच सापडत नाही. दोघंही म्हणणार पाऊस किरकोळ.

मी अंगणात पर्जन्यमापक ठेवलंय, साधं, शाळेतल्यासारखं. गेल्या वर्षी अशाच एका करड्या रात्री उठून दोनदा रिकामं करावं लागलं. त्याच रात्रीचं उपग्रहावरून काढलेल्या पावसाचं चित्र सकाळी बघितलं तर त्यात आमच्या घाटावर अगदी फिकट रंग आणि शंभर-दीडशे किलोमीटर समुद्रात गडद. माझ्या वडिलांना मी ते दाखवलं, ते म्हणाले ह्या माणसांनी घाट बघितलेला दिसत नाही. मी त्यांना समजावलं की माणसांनी बघितलाय, पण कॅमेऱ्याला वरून तो वेगळा ओळखू येत नाही. आता पावसाच्या गणितात डोंगराचा चढ आणि वाऱ्याची दिशा घालून दुरुस्ती करतात, इन्सॅटवरून पाऊस काढायच्या हायड्रो-एस्टिमेटर पद्धतीतही तसं असतं, पण खालून मोजणाऱ्याची जागा त्याने भरून निघत नाही. माझं म्हणणं आहे की कोकणात आणि घाटावर जितकी जास्त घरं मापक ठेवतील तितकं ह्या उपग्रहांचंच भलं होईल, कारण त्यांना पडताळायला आकडे लागतात. आणि २६ जुलै २००५ आठवा, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला फक्त ७३. दोघांत पंचवीसएक किलोमीटर. एका मापकावर भरवसा ठेवला असता तर त्या दिवशी मुंबईत काही झालंच नाही असं वाटलं असतं.

मेघदर्शी

घाटमाथा, अगदी बरोबर आणि फार छान लिहिलंत. जीपीएमच्या रडारला तरी हा बुटका पाऊस दिसायला हवा असं वाटतं, पण जमिनीलगतच्या एक-दोन किलोमीटरमध्ये डोंगराचाच प्रतिध्वनी मिसळतो आणि नेमका तो थर वाया जातो. आम्हाला पश्चिम घाट सगळ्यात जास्त छळतो तो ह्यामुळे. तुमच्या वहीतल्या नोंदी तारीख-वेळेसकट जपून ठेवा.

शाळामास्तर (देवगड)

आठवी-नववीच्या मुलांना घेऊन काहीतरी करायचं मनात आहे. मापक आमच्या शाळेत आहे. उपग्रहाच्या फोटोवरून पावसाचा अंदाज मुलांना स्वतः काढता येईल इतकं सोपं काही आहे का? कॉम्प्युटर एकच आहे आणि नेट असलं तर असतं. चुकलं तरी चालेल, चुकलं का ते कळलं पाहिजे.

कातळकाठ

सर, तुमच्यासाठी तर फार सुंदर पद्धत आहे, कागद-पेन्सिलीची. फिलिप अर्किन नावाच्या शास्त्रज्ञाने काढली. १९७४ साली पश्चिम आफ्रिकेसमोरच्या अटलांटिकमध्ये जहाजं, रडार, उपग्रह सगळं लावून एक मोठी मोहीम झाली होती, गेट नावाची, तिच्या आकड्यांवरून त्याने बघितलं की २३५ केल्विन, म्हणजे उणे ३८ अंशांपेक्षा गार माथ्याने किती जागा व्यापलीय एवढंच मोजलं तरी मोठ्या भागाच्या सरासरी पावसाशी ते चांगलं जुळतं. नियम असा, त्या गार भागाचा हिस्सा गुणिले ३ मिलिमीटर गुणिले तास. अडीच अंशाचा चौकोन घ्यायचा, रत्नागिरीपासून मुंबईच्या पुढे जाईल एवढा मोठा. समजा चौकोनाचा अर्धा भाग दिवसभर उणे ३८ पेक्षा गार होता, तर अर्धा गुणिले ३ गुणिले २४, आले ३६ मिलिमीटर.

मुलांनी फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून चौकटी मोजायच्या, दर तीन तासांचा एक फोटो, आठ फोटोंची सरासरी. फोटोच्या कडेला तापमानाची रंगपट्टी असते, त्यात उणे ३८ चा रंग शोधायचा. मग मापकाशी ताडायचं. खुल्या समुद्रासाठी हे गणित बनलंय, म्हणून वादळाच्या आधीचे दिवस आणि परतीचा गडगडाटी पाऊस ह्यात ते त्यातल्या त्यात जुळेल आणि जुलैत घाटाच्या पायथ्याला सपशेल आपटेल. दोन वेगळ्या महिन्यांत करून घ्या, मुलं ढगांचे दोन प्रकार स्वतःच शोधून काढतील. एक मापक म्हणजे बशीएवढी जागा आणि चौकोन म्हणजे अर्धं कोकण, म्हणून शक्य तर चार-पाच शाळांचे आकडे जोडा.

मेघदर्शी

सर, एक बारीक दुरुस्ती मुलांना सांगायला मजा येईल. उपग्रह विषुववृत्तावर, आपण १६-१७ अंश उत्तरेला, म्हणजे तो आपल्याला तिरकं बघतो. त्यामुळे १५ किलोमीटर उंच ढगाचा माथा नकाशावर खऱ्या जागेपेक्षा पाच-सहा किलोमीटर उत्तरेकडे सरकलेला दिसतो. देवगडवर दिसणारा उंच ढग खरं तर थोडा दक्षिणेला असतो. वर्गात छताला लटकणारा पंखा एका कोपऱ्यातून बघितला की भिंतीवर कुठे दिसतो, तसंच.

घाटमाथा (आंबोली)

सर, मुलांच्या आकड्यांबरोबर माझ्या वहीतले जुलै-ऑगस्टचे आकडे लागले तर देतो. रोज सकाळी साडेआठला मोजतो, खात्याची वेळ तीच आहे म्हणून.

शाळामास्तर (देवगड)

नक्की द्या, मग आम्हीही साडेआठचीच वेळ धरतो. पंख्याची युक्ती उद्याच करून दाखवतो. वेंगुर्ल्याच्या आणि मालवणच्या दोन शाळांत माझे मित्र आहेत, त्यांनाही विचारतो. ट्रेसिंग पेपर आणलाय. साडेआठ ते साडेआठ धरायचं तर पहिला फोटो कुठला घ्यायचा, यूटीसीत?

कातळकाठ

०३०० चा. तिथून दर तीन तासांनी, ०६००, ०९०० असं करत दुसऱ्या दिवशीच्या ०००० पर्यंत, बरोब्बर आठ होतात.

हर्णैची लेक

काल रात्री आईला चार फोटो लावून दाखवले. डाग मोठा होता पण चारही वेळा रंग तोच, कडा पिंजलेल्या. तिने स्वतःच बोट ठेवून सांगितलं, हा म्हातारा. मग झोपली. पहाटे भावाचा फोन आला, बंदराच्या तोंडाशी आलेत, वारा बेताचा, पाऊस नाही.